वरून कोणी येऊन गेलं असेल का

चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी आली तेव्हा मी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषयच नव्हता. इतिहासाचे सर चहाची बशी हातात धरून म्हणाले, "आपण तिकडे पोचलो, मग तिकडचं कोणी आधीच इकडे येऊन गेलं नसेल कशावरून? एवढ्या पसाऱ्यात आपल्यापेक्षा हुशार कोणी असेलच की." चित्रकलेच्या बाईंना ते पटलं नाही. आले असते तर लपून कशाला राहिले असते, असं त्यांचं म्हणणं. मग सगळे माझ्याकडे वळले. विज्ञानाच्या बाई काय म्हणतात?

मी वह्या तपासत होते. "मला नाही सांगता येणार," असं म्हणून मी पान उलटलं. बाई आखडू आहेत, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दिलं. माझ्यासाठी तो प्रश्न गप्पांचा राहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी अमरावतीला एका मुलीनं तो मला भर वर्गात विचारला होता, आणि मी तिला खाली बसवलं होतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंटमन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, ते सांधे बदलायचं त्यांचं काम. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि कॉलेजात गेलेली आमच्या सगळ्या लायनीत पहिली. बी.एस्सी. झाल्याबरोबर अमरावतीच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, पुस्तकाच्या बाहेर जाऊ नका. तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे." त्या वाईट हेतूनं बोलल्या नव्हत्या. माझ्याकडे लक्ष होतं हे खरंच होतं, आणि ते का होतं हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून मी पुस्तक सोडत नसे. रात्री धडा पाठ करून ठेवायचा आणि सकाळी जसाच्या तसा शिकवायचा. एखादा प्रश्न मला आला नाही आणि ही गोष्ट हेडबाईंच्या कानावर गेली तर काय, ही धास्ती सतत असायची.

ती मुलगी आठवीत होती. तिवशाच्या अलीकडच्या एका खेड्यातली. अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. वडील ती लहान असतानाच वारले होते, आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. आमच्यासारखंच त्यांच्याही घरानं धम्माची दीक्षा घेतली होती. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. पण तिच्या वहीच्या पहिल्या पानावर, जिथे बाकीच्या मुली 'श्री' काढायच्या, ती जागा तिनं कोरी ठेवलेली असायची. भिंतीकडच्या बाकावर बसायची. ऐकताना तोंड थोडं उघडं राहायचं, आणि काही कळलं की पटकन मिटायचं. शिकवताना माझी नजर तिच्या तोंडाकडे जायची. ते मिटलं की मी पुढे जायचे.

चीनच्या लढाईनंतरचा तो हिवाळा. मी ग्रहांचा धडा शिकवत होते. दोनच दिवसांनी शाळेची तपासणी व्हायची होती आणि धडा तासाभरात संपवायचा होता. शनीच्या कड्यांपर्यंत आले आणि ती उभी राहिली.

"बाई, या ग्रहांवर नाहीतर ताऱ्यांजवळ आपल्यासारखा विचार करणारे कोणी असतील का?"

"असतील किंवा नसतील. कोणी पाहिलेलं नाही."

"पण असले, तर त्यांना आपली पृथ्वी सापडली असेल का, बाई? ते येऊन गेले असतील आणि आपल्याला कळलंच नसेल, असं होऊ शकतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नाही हे त्या चाळीस मुलींपुढे कबूल करायची हिंमतही नव्हती. मी म्हणाले, "ते आले असते तर आधी सरकारला कळलं असतं. हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. खाली बस."

वर्ग खदखदून हसला. ती बसली. उघडं तोंड तसंच राहिलं. मी शनीची कडी संपवली, युरेनस, नेपच्यून उरकले आणि फळा पुसला. तपासणी चांगली झाली. तपासणी करणाऱ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वारली. मुदतीचा ताप होता. गावाकडे दवाखाना नव्हता. बैलगाडीतून तिवशाला नेलं तोवर फार उशीर झाला होता. जूनमध्ये शाळा उघडली आणि हजेरी घेताना तिच्या नावाशी मी थांबले, तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलीनं हे सांगितलं. मी हजेरीपुस्तकात त्या नावावर रेघ मारली. पट्टी घेऊन मारली, सरळ. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं? डोकं दुखतं, म्हणाले.

भाद्रपदातली गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. मी प्रयोगाच्या कपाटाला कुलूप लावत होते, तेवढ्यात शिपाई सांगत आला की एक बाई बाहेर बसल्या आहेत आणि तुमच्याशिवाय कोणाशी बोलायला तयार नाहीत. मागच्या ओसरीवर पस्तिशीची एक बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. अंगावर धुतलेलं, पण विटलेलं लुगडं. शेजारी एका गाठोड्यावर तिनं हात ठेवला होता. मी ओळखलं नाही. पण मी येताना दिसले तशी ती उठून उभी राहिली, आणि बोलण्याआधी तिचं तोंड जरासं उघडं राहिलं. त्यावरून कळलं.

"मी तिची माय," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं आणि मीही खाली बसले. आधी तीच बोलली.

"तुमाले एक दाखवायचं हाय, बाई. आमच्या इथी आभाळातून पडलं."

तिनं गाठोडं सोडलं. आत पांढऱ्या जाड पुठ्ठ्याची एक पेटी होती, पावसानं एका बाजूनं फुगलेली. पेटीला पातळ पात्यांची छोटी फिरकी. आत तारा, काही चकत्या, एक बॅटरी. पेटीला लांब दोरा, दोऱ्याला लाल कागदी छत्री फाटून अडकलेली, आणि तिच्या वर रबराच्या चिंध्या.

"आमी पराटीत निंदून राहिलो होतो," ती सांगू लागली. आमच्याकडे कपाशीला पराटी म्हणतात. "दहा-बारा जणी होतो. एकीनं वर पाह्यलं. लाल फडकं हळूहळू खाली येऊन राहिलं होतं. साऱ्या पळाल्या. कोणी म्हणे चीनचा बाँब हाय. कोणी म्हणे देवीचं हाय, हात नको लावू. मालकानं नारळ आणाले माणूस धाडला. मी जाऊन उचललं."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कायची भीती?" ती म्हणाली. "आता कायची भीती राह्यली, बाई?"

मग तिनं पेटीवरची माती पदरानं पुसली. पुसूनच आणली होती, तरी पुन्हा पुसली.

"पोरगी सांगे मले. उन्हाळ्यात घरी आली तवा रोज तेच. माय, वरती ताऱ्याजवळ कोणी असन, आन् ते इथी येऊन गेले असतीन. मी म्हणो, तुले कोणं सांगितलं? तर म्हणे, बाईले पुसलं मी. बाई म्हणाल्या, लय मोठा प्रश्न हाय, पुढच्या वर्गात सांगीन." तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणून मी आली. पुढचा वर्ग तर आता झाला सुरू."

तिनं हे दुखवण्यासाठी म्हटलं नव्हतं. माझं नाव राखायला पोरगी आईशी खोटं बोलली होती आणि आईनं ते खरं धरलं होतं, एवढंच. मी ओसरीच्या फरशीकडे पाहत राहिले. एकदा मनात आलं, राहू द्यावं असंच. कोणाला कळणार होतं?

पण तिचा हात त्या पेटीवर होता.

"ताई, मी तसं म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "तिनं विचारलं हे खरं आहे. मला उत्तर येत नव्हतं. मी तिला खाली बसवलं. मुली हसल्या तिला."

शाळेच्या मागच्या विहिरीवर कोणी पाणी काढत होतं, त्या रहाटाचा आवाज येत होता. ती उठून जाईल असं मला वाटलं. गेली असती तर मी थांबवलं नसतं.

"हसल्या?" तिनं विचारलं.

"हो."

"हे नाही सांगितलं तिनं." मग ती म्हणाली, "मंग आता सांगा."

आधी पेटीबद्दल सांगणं भाग होतं. मी पेटी उलटी केली. खाली एक कागद चिकटवलेला होता, इंग्रजी आणि हिंदीत. पावसानं बरीच अक्षरं पुसली होती, पण नागपूर हा शब्द लागत होता, आणि सापडल्यास परत पाठवा अशी विनंती. कॉलेजात असताना मी अशा पेटीचं चित्र पाहिलं होतं. मी सांगितलं, "ताई, ही हवा मोजायची पेटी आहे. नागपूरहून मोठ्या फुग्याला बांधून वर सोडतात. वरची थंडी, ओल, वारा यांची खबर ती खाली कळवते. फुगा वर जाऊन फुटतो आणि पेटी छत्रीनं उतरते. या दिवसांत वरचा वारा पूर्वेकडून असतो, म्हणून आपल्याकडे आली."

"मंग हे नागपूरचं हाय?"

"हो."

"माणसांनी केलेलं?"

"हो. माणसांनीच."

तिनं मान हलवली. चेहऱ्यावर काही हललं नाही. पण पेटीवरचा हात तिनं काढून मांडीवर घेतला, आणि हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं सांगितलं, "मले वाटलं, तिनंच धाडलं. ती गेली, कोणाले तरी भेटली असन, आन् त्याइच्या हातून धाडलं. येडेपणा हाय. मले मालूम हाय येडेपणा हाय. देव आपण सोडले. माह्या सासऱ्यानं टोपलीत भरून नदीत सोडले, म्या डोळ्यानं पाह्यलं. बरंच केलं. त्याइनं कधी आमच्याकडे पाह्यलं नव्हतं. पण पोरगी गेल्यावर वर पाहो, तर तिथी कोणीच नाही, बाई. पोरीनं सांगितलेलेच तेवढे राह्यले होते."

माझ्याही घरचे देव असेच गेले होते. मी तेव्हा शाळेत होते. नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर बाबांनी देव्हाऱ्याच्या फळीवर माझी पुस्तकं लावली होती. त्या जागेचा मला अभिमान होता. ती जागा कोणाला रिकामीही वाटू शकते, हे त्या ओसरीवर मला पहिल्यांदा कळलं.

मग मी सांगायला लागले. खरं तर मलाही बोलता बोलताच समजत गेलं. कारण असा सलग विचार मी आधी कधी केला नव्हता. हातात पुस्तक नव्हतं. खडूचा एक तुकडा होता, त्यानं फरशीवर आकडे मांडत गेले.

मी म्हणाले, "आपली पॅसेंजर तासाला चाळीस मैल धावली आणि कुठे थांबलीच नाही, असं धरा. तर चंद्राला पोचायला आठ-नऊ महिने लागतील."

"एवढेच?"

"चंद्र घरचाच आहे. सूर्याला जायला अडीचशे वर्षांच्या वर. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा..." मी फरशीवर शून्यं मांडली, पुसली, पुन्हा मांडली. "सात कोटी वर्षं. थोडी कमी-जास्त."

तिला कोटी म्हणजे किती हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ती त्या शून्यांकडे बघत राहिली. "मंग येईन कसं कोणी?"

"गाडीनं नाही यायचं. त्यांच्याजवळ काही वेगळं असेल. उजेडाच्या वेगानंही यायचं म्हटलं तरी चार वर्षं लागतात, आणि उजेडाएवढ्या वेगानं कोणाला धावता येत नाही. पण त्यांचं आयुष्य हजारो वर्षांचं असेल, किंवा वाटेतच पिढ्यांमागून पिढ्या जन्मत येतील. अशक्य आहे असं मला म्हणता येत नाही."

"बरं. पण त्याइले कसं मालूम पडन, इथी आपण हाओ म्हणून? इतके तारे हायेत. आपलं घर त्याइले कसं सापडन?"

हाच प्रश्न तिच्या मुलीनं विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. मी सांगितलं की पृथ्वीला स्वतःचा उजेड नाही, दुरून ती सूर्याच्या झगझगाटात लपते. आपले दिवे तिथवर दिसत नाहीत. रेडिओच्या लहरी तेवढ्या बाहेर जातात, पण रेडिओ निघून किती दिवस झाले? चाळीस-पन्नास वर्षं. तेवढ्यात आपली हाक जवळच्या थोड्याशा ताऱ्यांपर्यंतच पोचली असेल, तीही इतकी क्षीण की ऐकणाऱ्यानं कान देऊन बसायला हवं.

"मंग आपण हाओ म्हणून नाही, असेच फिरत फिरत आले असतीन तर?"

"आले असतील. पण पृथ्वी फार जुनी आहे, ताई. अब्जावधी वर्षांची. माणूस अगदी अलीकडचा. कोणी फिरत आलंच असेल, तर आपण नसतानाच आलं असण्याचा संभव जास्त."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण घरी नसताना पाव्हणे येऊन गेले."

"असं झालं असेल."

"पण पाव्हणा असा जात नाही, बाई. कवाडाले कुलूप दिसलं तर तो शेजारी सांगून जाते. नाहीतर उंबऱ्यावर काही ठेवून जाते. कायतरी खूण ठेवून जाते."

"तशी खूण अजून कोणाला सापडलेली नाही. लोक सांगतात, आम्ही हे पाहिलं, ते पाहिलं. पण जवळ जाऊन बघावं तर..." मी पेटीकडे हात केला आणि शब्द गिळला. तिनं तो ओळखला.

"तर नागपूरचं निघते," ती म्हणाली. आणि हसली. मुलीसारखंच, तोंड पटकन मिटून.

आम्ही बऱ्याच उशिरापर्यंत बसलो. शिपायानं दोनदा येऊन पाहिलं. शेवटी तिनं मला स्पष्ट विचारलं, "तुमाले काय वाटते? हिशोब सोडा. तुमाले."

मी जे सांगितलं ते आजही तसंच सांगेन. मी म्हणाले, "मला वाटतं, कुठेतरी कोणीतरी असेल. विचार करणारं, प्रश्न विचारणारं. पण ते इथे आलं असेल असं मला वाटत नाही. तसा पुरावा नाही. आणि पुरावा नसताना आलं म्हणणं, ते नुसतं आपल्या मनासारखं बोलणं होईल. पण तिचा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. मोठमोठी माणसं यावर विचार करतात. ती बरोबर विचारत होती. मी चुकले."

ती उठली. निघताना म्हणाली, "ज्याचं हाय त्याले देऊन टाका हे. त्यानं धाडलं, तो वाट पाहत असन." आणि पेटी माझ्याकडे न देता तिनं पुन्हा गाठोड्यात बांधली. आम्ही दोघी चालत पोस्टापर्यंत गेलो तेव्हा पोस्ट बंद झालं होतं. गाठोडं तिनं तिथे माझ्या हातात दिलं आणि सोमवारी मी पेटी पार्सल करून पाठवली. पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं, शाळेचा पत्ता लिहिला.

वसतिगृहातल्या मुलींकडून नंतर कळलं की गावात तिची बरीच चेष्टा झाली होती. आभाळातून आलेलं शाळेत नेऊन दिलं म्हणून. कोणी म्हणालं, सरकारनं तिला पकडायला हवं होतं. ज्या मालकाच्या शेतात पेटी पडली त्यानं आठवडाभर तिला कामावर घेतलं नाही, कारण पेटीला शिवलेल्या बाईमुळे पिकाला काही झालं तर? त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शेतावर निंदणाला माणसं कमी पडली, म्हणून ती निभावली.

दसऱ्याच्या थोडं आधी नागपूरहून तिच्या नावानं पाकीट आलं. छापील आभाराच्या खाली कोणी तरी हातानं मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. पेटी चांगल्या अवस्थेत मिळाली, विमानं उडतात त्याच्याही बरीच वर ती जाऊन आली होती, अशा पेट्या बहुधा शेतातच हरवतात, आपण पाठवलीत म्हणून आभारी आहोत. मी वसतिगृहातल्या मुलीबरोबर निरोप दिला. ती रविवारी आली. रविवारी शाळा बंद, म्हणून मी तिला बडनेऱ्याला आमच्या घरी घेऊन गेले.

बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. क्वार्टरच्या दारात बाज टाकून ते बसले होते. मी त्यांना तिच्याबद्दल सगळं सांगितलेलं होतं, वर्गातलं हसणंही. ऐकून ते फक्त "हं" म्हणाले होते. ती आली तसे ते उठले आणि बाज तिच्याकडे सरकवली. ती खालीच बसली. मी तिला पत्र वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. विमानाच्याही वर, हे शब्द आले तेव्हा तिनं मला थांबवलं आणि तेवढेच तिसऱ्यांदा ऐकले.

मग तिनं अचानक बाबांना विचारलं, "मामा, तुमी रेल्वेत हाये. तुमी तर लय रात्री उघड्यावर काढल्या. तुमाले कधी काही दिसलं का? वर?"

मला वाटलं, बाबा हसतील, किंवा विज्ञानाचं काही सांगतील. दीक्षेनंतर ते अशा गोष्टींवर कडक झाले होते. विचारल्याशिवाय मानायचं नाही, हे त्यांचं रोजचं वाक्य. पण ते समोरच्या रुळांकडे पाहत राहिले.

"दिसलं नाही काही," ते म्हणाले. "पण मी पाह्यलं. एक डाव पाह्यलं."

"कवा जी?"

"मूर्तिजापूरच्या अलीकडं एक लहान टेशन हाय. तिथी होतो मी, हिच्या जन्माच्या आधी. पोरगं होतं माह्यं. पाच वर्षाचं. गोवर निघाला, तीन दिवसांत पोरगं गेलं. दुपारी त्याले पुरून आलो आन् दिवेलागणीले ड्यूटीवर गेलो. दुसरा माणूस नव्हता ना. सिग्नलचे दिवे लावाचे होते. शिडीवर चढलो, दिवा लावला. आन् तिथूनच वर पाह्यलं. तवा देव होते अजून. पण मी देवाले नाही पाह्यलं. मले वाटलं, कोणी तरी, कोणीही, एवढं तरी पाहून राहिलं का नाही? कोणाले तरी दिसलं का, आज माह्यं काय झालं ते?"

"मंग?" तिनं विचारलं.

"मंग गाडी आली. मी खाली उतरलो, झेंडी दाखवली."

मला एक भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढं मला ठाऊक होतं. आईनं एकदा सांगितलं होतं, दोन वाक्यांत. बाबांनी त्याचा विषय माझ्यासमोर कधी काढला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. तिच्याकडे पाहत होते. एखाद्या माहीतगार माणसाला विचारावं तसे.

ती म्हणाली, "मले बी तसंच वाटलं, मामा. पराटीत. कोणी येवो का न येवो. पण पाहून तर राहिलं असन."

"नसन बी," बाबा म्हणाले.

"नसन बी," ती म्हणाली.

मालगाडी यायची होती, तिची घंटा वाजली. बाबा सवयीनं अर्धवट उठले आणि सुट्टी असल्याचं आठवून पुन्हा बसले.

तेव्हा तिनं विचारलं, "नाव काय होतं जी त्याचं?"

बाबांनी नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आत आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिच्या हातांचा आवाज थांबला. मग ती पुन्हा भाकरी थापू लागली, आणि आतूनच तिनं मला सांगितलं, पाहुणीसाठी पाट मांड, जेवूनच जाऊ दे तिला.